मानपत्रावरचं पहिलं नाव

मार्लकोम. मंगळवार, ६ फेब्रुवारी १८६६

आज सकाळी कारभारी क्रॅडक स्वतः सुतारशाळेत आले. एरवी निरोप पाठवतात. मी एका चाकाचे आरे बसवत होतो, तो हातातला हातोडा खाली ठेवून उभा राहिलो. म्हणाले, "इनॉक, धाकटे साहेब परत येतायत. पुढच्या महिन्यात. बग्गी ओढायची आहे."

धाकटे साहेब म्हणजे सर ऑब्री, आमच्या लॉर्ड वेस्टरलींचे सर्वांत धाकटे भाऊ, सेंट ऑल्ड्रिक बेटाचे गव्हर्नर. या घराण्यात थोरला लॉर्डांच्या सभेत बसतो, मधला सैन्यात जातो आणि धाकटा समुद्रापलीकडे कुठेतरी राज्य करायला जातो. आमच्या घरात थोरला त्यांच्या गाड्यांची चाकं करतो. पाच पिढ्या असंच चाललं आहे.

घराण्यातलं कुणी मोठ्या कामावर निघालं किंवा परत आलं, की पुलाजवळ घोडे सोडतात आणि गावातले पुरुष दोर लावून बग्गी हवेलीपर्यंत ओढत नेतात. दांडीला सुतार असतो, कारण गाडी त्यालाच कळते. आणि दारात उतरल्यावर साहेब दांडीवाल्याशी हात मिळवतात. त्या वेळी दांडीवाल्याने एक गोष्ट मागायची असते. माझ्या बापाने शाळेला छप्पर मागितलं होतं. त्या छपराखाली मी चार वर्षं शिकलो, आणि माझ्या मागून माझा धाकटा भाऊ सायलस शिकला.

पाच वर्षांपूर्वी सर ऑब्री निघाले तेव्हा दांडीला मी होतो. मी सायलससाठी बेटावर शाळामास्तराची जागा मागितली. त्यांनी ती त्याच दिवशी दिली.

कारभारी गेल्यावर हातोडा उचलला, पण काम पुढे सरकेना. मला पुन्हा एक गोष्ट मागता येणार आहे. देवाने ही वाट उघडली असं मी मानतो.

रविवार, ११ फेब्रुवारी

इथे मन मोकळं करायला हरकत नाही, ही वही माझ्या बायकोशिवाय, टॅबिथाशिवाय, कुणी उघडत नाही, आणि ती उघडली तरी बोलत नाही.

सायलसचं शेवटचं पत्र सप्टेंबरचं. त्यात नवे बाक आल्याचं होतं, आणि एक मुलगी त्याच्यापेक्षा वळणदार अक्षर काढते म्हणून तो चिडल्याचं होतं. मग ऑक्टोबरात तिकडे दंगा झाला. उसाच्या मळ्यातले लोक कचेरीवर चालून गेले, कचेरी जळली, काही गोरे मेले. सर ऑब्रींनी लष्कराचा अंमल लावला. जानेवारीत तिथल्या चॅपेलच्या पाद्र्याच्या बायकोचं, मिसेस गारलंडचं ऑक्टोबरातच लिहिलेलं पत्र उशिरा हाती आलं. चारच ओळी. वीस ऑक्टोबरला सायलसला शाळेतून धरून नेलं. लोकांनी दंग्याआधी सरकारला दिलेला अर्ज त्याच्या अक्षरात होता. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे अर्ज तो लिहून द्यायचा. पुढचं कळलं की कळवीन, असं तिने लिहिलं होतं.

पुढचं अजून आलेलं नाही. तुरुंगात कागद मिळत नसणार.

टॅबिथा आज म्हणाली, "अहो, चार महिने होत आले."

मी म्हटलं, "बेट लांब आहे."

"लांब आहे खरं," ती म्हणाली आणि पाव कापत राहिली.

मी त्याच्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठा. आई तो दोन वर्षांचा असताना गेली. त्याला चालायला मी शिकवलं, या सुतारशाळेतल्या भुशावर, पडला तर लागू नये म्हणून. रोज सकाळी गुडघे टेकतो तेव्हा त्याच्यासाठी एकच मागतो: तो कुठे असेल तिथे त्याला थंडी वाजू नये. मग आठवतं की तिथे थंडी नसते.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

बग्गीची जुनी दांडी आत किडलेली निघाली. ॲशच्या चिवट लाकडाची नवी बसवतो आहे. दोरांसाठी आडवे दांडे आणि कड्या लागतील, म्हणून लोहार जेथ्रो बंटकडे गेलो.

"या पाद्रीबुवा," तो म्हणाला. माझ्या प्रार्थनेवरून तो मला असंच म्हणतो. "किती माणसं लावायची? पाच वर्षं उसाच्या देशात राहिलेत साहेब. पोट सुटलं असेल तर साठ लागतील."

"चाळीस पुरतील."

"चाळीस भरल्या पोटी की उपाशी पोटी?"

"बीअर आणि बीफ आहे ओढल्यावर."

"मग वीस पुरतील. उरलेलं आपण खाऊ." हसून झाल्यावर तो कडी ठोकत राहिला, आणि वर न बघता म्हणाला, "काल बाजारात चॅपेलवाले बोलत होते, त्यांना तिकडच्या पाद्र्यांची पत्रं येतात. म्हणे तिकडे शंभरावर माणसं लटकवली. बायकांनाही फटके मारले. इनॉक, तू मागणारच आहेस ना साहेबांकडे?"

"मागणार."

"मग नीट माग. लाजू नको. तू देवाशी जितकं बोलतोस त्याच्या निम्मं तरी बोल." थोड्या वेळाने म्हणाला, "मी ओढणार आहे हां. माझी भट्टी त्यांच्याच जागेत आहे."

मी त्याला काही विचारलं नव्हतं. माझीही सुतारशाळा त्यांच्याच जागेत आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

क्रॅडक मानपत्र घेऊन आले. चामड्याचा पांढरा कागद, वर लाल आणि सोनेरी अक्षरं. गावातर्फे सर ऑब्रींना द्यायचं आहे. म्हणाले, "पहिली सही तुझी. गावात तुझ्याइतकं चांगलं अक्षर कुणाचं नाही, आणि तू देवभीरू म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेस."

मी ते दोनदा वाचलं. बेट आगीपासून आणि सुऱ्यापासून वाचवल्याबद्दल आभार. हात खंबीर पण गरजेपेक्षा जड नव्हता. आणि पुढे एक ओळ: ज्यांना शासन झालं त्यांना न्यायानेच झालं, असा आमचा विश्वास आहे.

तिथे मी थांबलो. म्हटलं, "साहेब, हे मला कसं माहीत असणार?"

क्रॅडक खाली पडलेल्या लाकडाच्या ढलप्यांकडे बघत होते. "अशा कागदाचा साचा ठरलेला असतो, इनॉक. लग्नाच्या पत्रिकेसारखा. कुणी शब्दाशब्दाला अडत नाही."

"माझा भाऊ तिथे कैदेत आहे."

त्यांनी बुटाने एक ढलपी बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हणून तर सांगतो. माणूस घरी येतो, आपल्या लोकांनी आपल्याला काय म्हटलंय ते वाचतो. त्याचं मन कुठे झुकतं, तूच सांग."

मी विचार केला. सायलसला अजून शासन झालेलं नाही, झालं असतं तर मिसेस गारलंडने कळवलं असतं. तेव्हा ती ओळ त्याच्याविषयी नाही. आणि मानपत्राने साहेबांचं मन मऊ होणार असेल तर माझ्या अडून बसण्याची किंमत सायलस देईल. मी सही केली.

क्रॅडक म्हणाले, "खाली लिही, चाकं करणारा सुतार. आणि मास्तर सायलस प्लमलीचा भाऊ असंही लिही."

हे त्यांना सुचलं याचं मला फार बरं वाटलं. नाव डोळ्यांसमोर राहील. मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं.

ते गेले तेव्हा मी त्यांचे आभार मानले.

बुधवार, २८ फेब्रुवारी

थोरल्या बाईसाहेबांनी, म्हणजे लॉर्डसाहेबांच्या आईने, टॅबिथासाठी कापड पाठवलं. आठ वार, काळं, उत्तम विणीचं. हवेलीतून आमच्या घरी आजवर असं काही आलं नव्हतं. मी म्हटलं, "ईस्टरला चर्चमध्ये घालायला होईल. टिकाऊ आहे."

टॅबिथाने ते हातात धरलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेटीत तळाशी ठेवून दिलं. एवढ्या चांगल्या कापडाबद्दल तिने आभाराचा निरोपही पाठवला नाही. मी रागावलो. मग तिचे डोळे लाल दिसले म्हणून गप्प बसलो. चुलीला धूर फार होतो आहे, धुराडं साफ करायला हवं.

शनिवार, १० मार्च

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

दुपारी दोनला पुलापाशी घोडे सोडले. चाळीस माणसं, टोपीला निळ्या फिती. चढाला जड गेलं नाही. पण चर्चनंतर तळ्याकडे उतार आहे आणि तिथे माणसं गाडी ओढत नाहीत, गाडी माणसांना ढकलते. मागच्या चाकाखाली घालायचा लोखंडी जोडा मी बसवला होता, तरी दांडी हातात थरथरत होती. माझ्यामागे चार हातांवर सर ऑब्री बसलेले होते. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता, आणि मी मनात शब्द जुळवत होतो. बंट दोरावरून ओरडला, "पाद्रीबुवा, प्रार्थना नंतर! आधी टाचा रोवा!" सगळे हसले. साहेबही हसले, मला ऐकू आलं.

दारात थोरल्या बाईसाहेब, लॉर्डसाहेब, पाहुणे. साहेब उतरले. वाळले आहेत, केस पांढरे झाले आहेत. हातमोजा काढून त्यांनी माझा हात धरला.

मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ सायलस. तुम्हीच त्याला नेलंत. त्याच्यासाठी दया मागतो. दुसरं काही नको."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. हात मात्र त्यांनी सोडला नाही, उलट दुसरा हातही वर ठेवला. म्हणाले, "प्लमली, तुझ्या भावाचं अक्षर फार सुंदर. मी पाहिलंय." मग जरा थांबून, "मला जे करावं लागलं ते कुणाला करावं लागू नये. तुझ्या सहीचं मला कळलं. मला वाटलं नव्हतं एवढं मोठं मन कुणाचं असेल. माझ्या आईने बंदरावर पत्र पाठवून ते कळवलं तेव्हा मी रडलो."

मी म्हटलं, "मग दया होईल, साहेब?"

ते म्हणाले, "देव करील. तुझ्यासारखी माणसं मागतायत तर करीलच."

लॉर्डसाहेबांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं.

मी ही उत्तरं पुन्हा पुन्हा जुळवून पाहतो आहे. नाही म्हणाले नाहीत. डोळ्यांत पाणी होतं. ज्याच्या मनात नकार आहे तो माणूस दोन्ही हातांनी हात धरत नाही. घरी येऊन टॅबिथाला शब्दन् शब्द सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही जेवलात का?"

रविवार, १८ मार्च

गावच्या चर्चचे पाद्रीसाहेब जानेवारीपासून प्रार्थनेत कैद्यांमध्ये सायलसचं नाव घेत होते. आज घेतलं नाही. बाहेर पडताना विचारलं तर म्हणाले, "सगळ्यांचाच समावेश होतो त्यात, प्लमली." मला वाटतं हवेलीतले लोक पुढच्या बाकावर असल्याने त्यांना संकोच झाला. मी घरी स्वतः नाव घेतलं.

मंगळवार, २७ मार्च

लिहिण्याआधी हात धुतले. का ते सांगता येत नाही.

दुपारी बंटने बोलावणं पाठवलं. भट्टीपाशी आठ-दहा जण होते. शहरातून वर्तमानपत्र आलं होतं. शुक्रवारी लॉर्डांच्या सभेत बेटाचा विषय निघाला आणि आमचे लॉर्डसाहेब भावाच्या बाजूने दोन तास बोलले, एवढं त्यांना कळलं होतं. त्यांच्यात कुणाला वाचता येत नाही. बंट म्हणाला, "आपल्या गावाचं नाव आहे म्हणे त्यात. वाच की पाद्रीबुवा, मोठ्याने. आम्ही फुकट गाडी ओढली, निदान ऐकू तरी."

मी ऐरणीला टेकून वाचायला लागलो. पहिल्यांदा सगळं राज्याच्या सुरक्षिततेबद्दल होतं. गावाचं नाव आलं तेव्हा ते ओरडले, कुणी तरी टोपी उडवली. मी वाचत होतो. लॉर्डसाहेबांनी मानपत्र हात उंच करून सभेला दाखवलं. ते म्हणाले, माझ्या भावाला क्रूर म्हणणाऱ्यांनी ही पहिली सही पाहावी. ही सही एका साध्या, देवभीरू कारागिराची आहे. बंडखोरांचा अर्ज लिहिणारा, लष्करी न्यायालयाने तेवीस ऑक्टोबरला फाशी दिलेला जो शाळामास्तर, त्याचा हा सख्खा भाऊ. आपल्या रक्ताच्या माणसाला झालेली शिक्षा हा न्याय म्हणून मान्य करतो. मग आपण कोण तक्रार करणारे? पुढे कंसात लिहिलं होतं की सभेत बराच वेळ टाळ्या चालल्या.

मी तो कंससुद्धा वाचला. डोळे पुढे गेले आणि तोंड त्यांच्या मागे गेलं. वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं.

 बंटने माझ्या हातातला कागद घेतला. म्हणाला, "आईशप्पथ इनॉक, मला माहीत नव्हतं. वाचता आलं असतं तर तुला बोलावलं नसतं."

घरी आलो तर टॅबिथा दारात उभी होती. मी सांगायच्या आधीच ती म्हणाली, "सुतकाचं काळं कापड आलं त्या दिवशीच मला कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी गुडघे टेकून त्याच्यासाठी मागत होतात. ते मी कोणत्या तोंडाने थांबवू?"

तेवीस ऑक्टोबर. धरल्यापासून तीन दिवस. म्हणजे माझी एकही प्रार्थना वेळेवर पोचलेली नाही.

बुधवार, २८ मार्च

क्रॅडकांकडे गेलो. म्हटलं, "माझं नाव खोडा."

"बस, इनॉक."

"बसत नाही. नाव खोडा."

"तो कागद आता माझ्याकडे नाही, हवेलीतही नाही. पार्लमेंटच्या मेजावर ठेवलेला कागद पार्लमेंटचा होतो. स्वतः लॉर्डसाहेबांनाही त्यातलं अक्षर हलवता येणार नाही."

"मला तो मेला हे माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तुला सांगायचं नाही असा मला हुकूम होता. धाकट्या साहेबांना वाटलं तुला माहीत आहे. खरंच वाटलं. त्यांना कुणी वेगळं सांगितलं नाही."

"मग मी वर्तमानपत्राला लिहितो."

"लिही. काय लिहिशील? वाचता येत नव्हतं म्हणून सही केली?" आवाज चढला नव्हता, थकल्यासारखा होता. "ती ओळ तू वाचलीस, थांबलास, मला विचारलंस. मग सही केलीस. तुला कुणी हात धरून करायला लावली नाही."

हे खरं आहे.  निघताना ते म्हणाले की सुतारशाळेची मुदत सप्टेंबरात संपते, पण त्याची काळजी करू नको, बाईसाहेबांनी तू जिवंत असेपर्यंत ती तुझ्याकडेच ठेवायला सांगितलं आहे.

वर्तमानपत्राला तीन पत्रं लिहिली. तिन्हींत तेच खरं बाहेर येतं, की मला भाऊ हवा होता म्हणून मी इतरांच्या भावांच्या फाशीवर सही केली. तिन्ही जाळली.

शुक्रवार, ११ मे

बेटावरच्या फाशींबद्दल सरकारने लावलेली चौकशी संपली. सर ऑब्रींवर दोष नाही. ते घराण्याच्या जागेवरून पार्लमेंटमध्ये जाणार असं म्हणतात.

चर्चला जातो. गुडघे टेकतो. काय मागायचं ते सुचत नाही, म्हणून काही न मागता उठतो.

गुरुवार, २१ जून

मिसेस गारलंडचं पत्र. मी मार्चअखेर तिला विचारलं होतं की त्याला कुठे पुरलं. तिचं पत्र इथे उतरवून ठेवतो, मूळ कागद ओला होऊन फाटत चालला आहे.

लिहिते: मास्तरांसह त्या दिवशी फाशी दिलेले सत्तावीस जण कचेरीमागच्या एकाच चरात आहेत. वेगळी खूण करायला परवानगी नाही. डिसेंबरात मी तुम्हाला हे सगळं कळवलं होतं, पण टपालकचेरीत तेव्हा पत्रं उघडत असत. पोचलं नसावं.

पुढे लिहिते: मे महिन्यात तुमच्या गावचं मानपत्र छापून इथे सगळ्या सरकारी दारांवर चिकटवलं. शाळेच्या दारावरही. शाळा बंद आहे, पण मास्तरांच्या वर्गातली मुलं अजून तिथे खेळायला जमतात. मास्तरांनी त्यांना वाचायला शिकवलं होतं. त्यांनी पहिलं नाव वाचलं, प्लमली, आणि त्यांना वाटलं मास्तर जिवंत आहेत, सुटून आपल्या गावी पोचले आहेत. ती ओरडत माझ्याकडे आली. त्यांना मी दारापाशी परत नेलं आणि बाकीच्या ओळी वाचायला लावल्या, कारण खोटं सांगणं मला जमलं नाही. मोठ्या मुलीने शेवटपर्यंत वाचलं. मग तिने मला विचारलं, हे मास्तरांच्या भावाने खरंच लिहिलं आहे का. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी त्यांना विचारते. म्हणून विचारते आहे, मिस्टर प्लमली. ती सही तुमचीच आहे का? नाही असं कळवलंत तर मी मुलांना तसं सांगेन, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसेल.

टॅबिथाला वाचून दाखवलं. तिने तो ओला कागद चुलीजवळ वाळत ठेवला. मग म्हणाली, "नाही म्हणा. कुणाचं काय जाणार आहे? एवढी लांबची मुलं."

मी कागद घेऊन बसलो. मिसेस गारलंडने सोय करून ठेवली होती. एक शब्द लिहायचा, आणि त्या बेटावर सायलसला एक भाऊ मिळणार होता, मी जसा असायला हवा होतो तसा. मी तो शब्द लिहिण्यासाठी टाक बुडवला. दोनदा बुडवला.

मग लिहिलं: होय, सही माझीच आहे. मी वाचून केली.

त्याखाली नाव लिहायला आलो तेव्हा हात थांबला. पण पत्राखाली नाव लागतं, त्याशिवाय मुलांना कळणार नाही की उत्तर कुणाचं. तेच अक्षर, तेच वळण. मला दुसरं येत नाही.

उद्या टपालात टाकीन.